फियाट ११०० डी : कामाच्या नोंदी, इंदूर

८ डिसेंबर २०२४

गाडी दुपारी महूहून आली. टो ट्रकवरून उतरवताना चारही चाकं फिरली, म्हणजे ब्रेक जाम नाहीत. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलंय. रात्रभर मुरू दे, उद्या पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवून बघू. तोवर किल्ली कुणी लावायची नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

फियाट ११०० डी, १९६९ चं मॉडेल, इंदूर पासिंग. आधीच्या मालकांनी ती शेडमध्ये उभी ठेवली होती, उन्हापावसात नाही, हे फार मोठं पुण्य. मूळ आरसी पुस्तिका, कराच्या जुन्या पावत्या, जॅक आणि पान्यांची कॅनव्हासची पिशवीसुद्धा मिळाली. मागचा बंपर वाकलाय, डाव्या मागच्या दाराची काच खाली पडलीय, सगळी रबरं कडक झालीत. वायरिंग जागोजागी जोडलेलं, त्यावर चिकटपट्टीचे थर.

एक गोष्ट आजच ठरवली. ही गाडी वापरायची आहे. रात्री दोन वाजता गरज पडली तर एका किल्लीत सुरू व्हावी, पावसात-अंधारात जाऊन परत यावी. पुढचा प्रत्येक खर्च या एका वाक्याशी ताडून बघायचा.

९ डिसेंबर २०२४

इंजिन फिरलं. हाताने, एकसारखं, कुठेही न अडखळता. आजचा दिवस एवढ्यानेच भरला.

१४ डिसेंबर २०२४

बॉडीची तपासणी. उस्ताद स्वतः घरी आले. सत्तरीचे आहेत, उभं आयुष्य फियाट आणि अॅम्बेसेडरवर गेलंय. लोहचुंबकाला फडकं गुंडाळून सगळ्या पत्र्यावरून फिरवला. जिथे चिकटत नाही तिथे खाली पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. उजवं मागचं मडगार्ड आणि दोन्ही बाजूंच्या दाराखालच्या पेट्या लांबीनेच धरून ठेवलेल्या निघाल्या. कुणीतरी कधीतरी वरवर रंगवून दिलेली गाडी. पुढची चटई उचलली तर पायाखालची फर्श चाळणी झालेली. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला की आत जातो.

ट्रकला किंवा जीपला असते तशी वेगळी चासी या गाडीला नाही. फर्श, दाराखालच्या पेट्या, खांब आणि छत हे सगळं मिळूनच सांगाडा होतो. त्यामुळे पेट्या कुजल्या की गाडीचा कणाच ढिला पडतो. दारं लोंबायला लागतात, काचा अडकतात, खड्ड्यात कुरकुर येते. उस्तादांनी दार उघडून वर उचलून दाखवलं. बिजागरी चांगली आहे, ती ज्यात बसते तो खांबच हलतोय. "पहले ढाँचा, दीदी. इंजन बाद में." मला ते पटलं. पण डेंटर फेब्रुवारीशिवाय मोकळा नाही, म्हणून इंजिन आधी उतरवायचं ठरलं.

२२ डिसेंबर २०२४

उस्ताद लग्नाला गेलेत, काम बंद. हीच गाडी का, ते आज लिहून ठेवते. मुलगा फोनवर म्हणाला की एवढ्या पैशांत एखादी छोटी नवी गाडी आली असती, वॉरंटीसकट. त्याचा हिशेब बरोबर आहे. निवृत्तीच्या पैशांतला हा भाग मी पहिल्यापासून याच कामासाठी बाजूला ठेवला होता, हे त्याला ठाऊक नव्हतं.

रामबागेत आमच्या वाड्यासमोर डॉक्टरबाई राहायच्या. १९७० नंतरची चार-पाच वर्षं मला स्पष्ट आठवतात. आमच्या आळीत मोटार असलेली घरं थोडी आणि मोटार चालवणारी बाई ती एकच. सुती पातळाचा पदर कमरेला खोचलेला, मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ. त्यांच्या फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या खाली, डाव्या हाताशी. हात चाकावरून जेमतेम खाली उतरायचा, दांडा हलायचा आणि इंजिनाचा सूर बदलायचा. पुढची सीट सलग असल्यामुळे मध्ये काहीच अडसर नाही. बाई मला कधीमधी शेजारी बसवून बाजारापर्यंत न्यायच्या. सगळा वेळ मी रस्त्याकडे न बघता त्या हाताकडे बघायची.

रात्रीही गाडी निघायची. मल्हारगंज, जुनी इंदूर, पंढरीनाथ, कुठूनही बोलावणं यायचं. चोक ओढल्यावर थंड इंजिन आधी मोठ्याने घोंघावतं, मग हळूहळू शांत होतं. तो आवाज आला की आजी अंथरुणातच हात जोडायची. "कुणीतरी अडलीय ग. सुखरूप मोकळी होऊ दे." गाडी म्हणजे वेळेला पोचणारी वस्तू, हे माझ्या मनात तिथे बसलं. पुढे नोकरी लागली, मारुती आली, तिच्यावर दुसरी आली. दोघींनी चोख काम केलं. पण रस्त्यात फियाट दिसली की मान वळायचीच.

गाडीची कुळकथाही लिहून ठेवते, भाच्याला हवी आहे. मूळ मॉडेल फियाट ११००/१०३, दान्ते जियाकोसा यांच्या हाताखाली तयार झालं आणि १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलं गेलं. आपल्याकडे ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभी केलेली कंपनी, कारखाना कुर्ल्याला. साठच्या दशकाच्या मध्यापासून ११०० डी निघू लागली. इटलीतल्या ११०० डीला १२२१ सीसीचं इंजिन होतं, आपल्या गाडीला मात्र १०८९ सीसीचंच राहिलं. १९७२ मध्ये तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ मध्ये पद्मिनी. नावं बदलली, ग्रिल आणि दिवे बदलले. यांत्रिक भाग बरेचसे तेच राहिले आणि आज माझं काम चालतंय ते त्याच जोरावर.

५ जानेवारी २०२५

हेड उघडलं. ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं, ही या इंजिनाची खासियत आणि नाजूक जागाही. दोन धातू तापल्यावर वेगवेगळे प्रसरण पावतात. गाडी एकदा जरी भडकली तरी हेड वाकतं आणि गॅस्केटमधून पाणी ऑइलमध्ये जातं. शिवाय दोन धातूंमध्ये साधं पाणी खेळत राहिलं की अॅल्युमिनियम झिजतं. आमच्या हेडच्या पाण्याच्या वाटा दोन ठिकाणी कुरतडल्यासारख्या झाल्यात. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये बोअरिंगचं जड पाणी ओतलं गेलं असणार, आतला पांढरा थर तेच सांगतोय. आर्गन वेल्डिंगने भरून फेसिंग करायला हेड लेथवाल्याकडे दिलं. यापुढे फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट.

बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. सिलिंडर आधी एकदा बोअर झालेले आहेत, अजून एकदा होण्याइतकी भिंत शिल्लक आहे. क्रँक तीन मेन बेअरिंगवर फिरतो. तिन्ही झिजलेत, पण क्रँकला चर नाही. पॉलिश करून नवे बेअरिंग बसतील. टायमिंगची साखळी ढिली आहे, बदलायची.

रेडिएटर तांब्या-पितळेचं आहे. मिस्त्रीने वरची टाकी उघडून नळ्यांतून सळई घातली तेव्हा अर्ध्याअधिक नळ्या बंद निघाल्या. इंदूरच्या उन्हाळ्यात या रेडिएटरवर गाडी पलासियापर्यंतही गेली नसती. त्या सगळ्या मोकळ्या करून घेतल्या.

२६ जानेवारी २०२५

सामानाचा शोध. क्लच प्लेट, प्रेशर, वॉटर पंपाचं किट, पॉइंट, कंडेन्सर इंदुरातल्या जुन्या दुकानांत मिळालं. दुकानदार मागच्या फळीवरून धुळकट खोके काढतात आणि आतला माल नवाकोरा असतो. पिस्टन-रिंग कोइंबतूरहून मागवले.

काच, काचेची यंत्रणा, बंपर आणि दाराची कुलपं मात्र इथे नाहीत. त्यासाठी भाचा मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात दोन शनिवार हिंडला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. त्यांचे अवयव अजून तिथे मिळतात. भाच्याने काचेची यंत्रणा व्हिडिओ कॉलवर फिरवून दाखवली. "मावशी, दात सगळे शाबूत आहेत, घेऊ ना?" घे म्हटलं. ज्या टॅक्सीची असेल तिने वीस वर्षं माणसं वाहिली, तिचा सुटा भाग पुन्हा कामाला लागतोय, याचं मला मनापासून बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी २०२५

डेंटरचं काम सुरू. दारं काढण्याआधी त्याने आतून लोखंडी पाइप आडवे-तिरपे वेल्ड करून घेतले. पेट्या कापल्या की बॉडी मध्यावर बसू शकते, मग दारं जन्मात लागत नाहीत. एका वेळी एकच बाजू कापायची, ती पूर्ण बांधायची आणि मगच दुसरी. नवा पत्रा जुन्याच्याच जाडीचा घेतला. जाड पत्रा घाला म्हणजे मजबूत होईल असं बरेच जण म्हणतात. पण जाड नवा आणि पातळ जुना यांच्या सांध्यावर सगळा ताण येतो आणि तिथेच पुन्हा चीर जाते.

गॅस वेल्डिंगची सवय असलेला माणूस आहे, हात सुरेख. तरी फर्शला मिग वेल्डिंगचा आग्रह धरला, कारण गॅसच्या उष्णतेने सपाट पत्रा लाटा खातो. शेजारच्या शेडमधला मुलगा मशीन घेऊन आला. जोड घासून दाखवले तेव्हा बोटाला सांधा लागेना.

पेट्यांच्या आत, जिथे पुन्हा कधीच डोळा पोचणार नाही तिथे, झिंक प्रायमर आणि मेणाचा फवारा. खालची पाणी जायची भोकं आधीच्या रंगाऱ्याने लांबीने बुजवली होती. गंज धरला त्याचं मुख्य कारण तेच. भोकं मोकळी केली.

१९ मार्च २०२५

रंगपंचमी. राजवाड्यावर गेर म्हणजे रंगाची मिरवणूक, अख्खं इंदूर रंगात, पेंटरचं शेड बंद. मी घरीच बसून रंग ठरवला.

ह्यांना दोन रंगांची गाडी हवी, वर दुधी आणि खाली मरून, चहूकडे क्रोम. लग्नाच्या मिरवणुकीला भाड्याने देतात तशी ती दिसेल, म्हणून मी नको म्हटलं. डॉक्टरबाईंची गाडी दुधी होती आणि तोच रंग द्यावा असं काही दिवस माझ्याही मनात होतं. पण डॅशबोर्डच्या मागे आणि कप्प्याच्या झाकणाआड जो मूळ रंग सापडलाय तो फिकट राखाडी-हिरवा आहे, पावसाळ्यातल्या शेवाळासारखा. या गाडीने कुर्ल्याहून निघताना तोच अंगावर घातला होता. ती बाईंची गाडी नाही. तिचं तिचं आयुष्य झालंय, तिचा रंग तिला परत मिळायला हवा. पेंटरने पॉलिश करून नमुना काढला आणि शेड जुळवली. जुन्या पद्धतीचा एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) रंग की दोन घटक मिसळून मारायचा टू-के पीयू (पॉलियुरेथेन), यावर त्याच्याशी बरंच बोलणं झालं. एन.सी.ची चमक मऊ, जुन्या गाडीला शोभणारी, पण उन्हात लवकर फिकटतो आणि पेट्रोल सांडलं की डाग पडतो. गाडी बाहेर उभी राहणार आहे. पीयूच द्यायचा.

१३ एप्रिल २०२५

ब्रेक. चारही चाकांना ड्रम आणि सगळ्यांना मिळून एकच मास्टर सिलिंडर, एकच सर्किट. एका चाकाला गळती लागली तर पेडल थेट फर्शला. म्हणून इथे जुनं काहीही ठेवलं नाही. मास्टर सिलिंडर, सगळे व्हील सिलिंडर, रबरी होज, लोखंडी नळ्या, सगळं नवं. ड्रम लेथवर साफ केले. आता पेडल पहिल्या अर्ध्यातच घट्ट लागतं.

पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, विशबोन आणि कॉइल स्प्रिंग. मागे सरळ अॅक्सल आणि पाटे. किंगपिन, म्हणजे पुढची चाकं ज्यावर वळतात ते खिळे, आणि बुश बदलले. त्यांच्या ग्रीस निपलना ठरावीक अंतरावर ग्रीस द्यावंच लागतं, आजच्या गाड्यांसारखं विसरून चालत नाही. ग्रीसची बंदूक विकत घेतली आणि उस्तादांकडून प्रत्येक निपलची जागा शिकून घेतली. हे काम यापुढे माझं.

मूळ टायर ५.२०-१४ मापाचे, क्रॉसप्लाय. त्याऐवजी रेडियल घालतेय, ओल्या रस्त्यावरची पकड महत्त्वाची. पुढच्या दोन सीटना पट्टेही बसवले, बोल्टच्या मागे जाड पत्र्याची चकती वेल्ड करून.

११ मे २०२५

इंजिन बसवून आठवडा झाला, आज सुरू केलं. हेडचे नट मधून बाहेरच्या दिशेने, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने आवळले होते. पेट्रोल पंपाची दांडी हाताने चालवून कार्बोरेटर भरला, चोक ओढला, किल्ली फिरवली. सेल्फने चार-पाच फेरे दिले आणि इंजिनाने पकडलं. घोंघावणं, मग चोक हळूहळू आत, मग तो खालचा एकसंध सूर. मी हात जोडले. उस्तादांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि लगेच ऑइल प्रेशरचा दिवा विझलाय का ते बघायला वाकले. विझला होता.

आता पेट्रोलचा विषय. हल्ली पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल आहे. १९६९ च्या रबराला ते सोसत नाही. नळ्या फुगतात, मऊ पडतात, इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटतो. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाशी बसून पत्रा खातं. उपाय केले ते असे : टाकी सोडवून आतून साफ केली, सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या, पंपाला नवा पडदा, वाटेत काचेचा फिल्टर म्हणजे कचरा आणि पाणी डोळ्यांनी दिसेल. सोलेक्स कार्बोरेटर पूर्ण उघडून धुतला. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रावर, मिश्रण पातळ पडणार. जेट किती मोठं करायचं ते गाडी चालवून प्लगचा रंग बघितल्यावर ठरेल. आणि सगळ्यात मोठा उपाय म्हणजे गाडी उभी न ठेवणं.

मेचा उन्हाळा. दुपारी रांगेत उभी राहिली की पंपात पेट्रोलची वाफ होते आणि इंजिन घुटमळतं. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे. आम्ही पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये जाड इन्सुलेटर घातला, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांबून फिरवली आणि तिला उष्णतारोधक कापड गुंडाळलं. डिकीत फडकं आणि पाण्याची बाटली तरी ठेवलीच आहे.

८ जून २०२५

गिअर. या नोंदीची मी पहिल्या दिवसापासून वाट बघतेय.

स्टिअरिंगखालचा दांडा आतून एका नळीला जोडलेला असतो. ती नळी स्टिअरिंगच्या खांबाला समांतर खाली जाते. दांडा पुढे-मागे केला की ती वर-खाली सरकते आणि त्याने कोणती जोडी निवडायची ते ठरतं. दांडा वर-खाली केला की ती स्वतःभोवती फिरते आणि निवडलेला गिअर पडतो. तिथून सळया, हात, सांधे असं करत हालचाल गिअरबॉक्सपर्यंत पोचते. प्रत्येक सांध्यात एक बारीकसा बुश. एकेका बुशची झीज केसभर, पण सगळ्या मिळून दांड्याच्या टोकाला चांगला वितभर खेळ येतो. मग गिअर चुकीच्या जागी अडकतो, ऐन सिग्नलवर, आणि ड्रायव्हर बॉनेट उघडून हाताने सळई मोकळी करतो. हे दृश्य आमच्या पिढीने खूप पाहिलंय.

बाजारातले बुश रबरी, चार महिन्यांत पुन्हा ढिले. लेथवाल्याकडून सगळे पितळेचे करून घेतले, सळयांची टोकं वेल्डने भरून पुन्हा गोल केली. खांबावरचा वरचा ब्रॅकेट घासला गेला होता, त्यात शिम घातली. दोन दिवस नुसतं जुळवणं चाललं. उस्ताद खाली झोपलेले, मी सीटवर. "पहला. न्यूट्रल. दूसरा. रुको." अर्धा फेरा आवळ, अर्धा फेरा सैल.

आणि मग ते लागलं. चारही गिअर दोन बोटांनी. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा मध्यावर स्वतःहून सरकतो, हाताला फक्त दिशा द्यावी लागते. पहिल्याला सिंक्रो (चक्रांचा वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, चालत्या गाडीत तो घ्यायचा तर डबल क्लच मारावा लागतो, म्हणजे क्लच दोनदा दाबावा लागतो. रिकाम्या रस्त्यावर तेवढंच घोटत बसले. कान, पाय आणि हात एकत्र आले की गिअर आवाज न करता पडतो. पडला की अंगभर समाधान पसरतं. डॉक्टरबाईंच्या हाताला कधी कर्रकर्र आली नाही. त्यामागे केवढी साधना होती ते आज कळलं.

१० जुलै २०२५

नायता मुंडल्याला आरटीओत जाऊन आले. दोन वाटा होत्या. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची २०२१ च्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंद करता येते, मूळ नंबरही ठेवता येतो. मान मोठा. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच. माझ्या पहिल्या दिवसाच्या वाक्यात ते बसत नाही. म्हणून साधं नूतनीकरण : फॉर्म २५, प्रदूषण प्रमाणपत्र, विमा आणि प्रत्यक्ष तपासणी. पाच वर्षांची मुदत मिळते. निरीक्षकांनी दिवे, हॉर्न, ब्रेक, चासी नंबर पाहिला, खाली वाकून फर्शही पाहिली. गाडी पास झाली.

२४ ऑगस्ट २०२५

वायरिंग संपलं. एक बदल असा केलाय की जुन्या गाड्यांचे जाणकार नाक मुरडतील. डायनमो काढून ऑल्टरनेटर बसवला. डायनमो कमी फेऱ्यांवर चार्ज देत नाही. पावसाळी रात्री सिग्नलवर दिवे, वायपर आणि हॉर्न एकदम लागले की दिवे पिवळे पडतात. कटआउटचे, म्हणजे डायनमो आणि बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट चिकटले तर बॅटरीच बसते. डायनमो आणि कटआउट साफ करून, नावाची चिठ्ठी लावून कपाटात ठेवलेत. पुढे ज्याला मूळ रूप हवं असेल त्याला एका दुपारीत परत बसवता येईल. पेट्या आणि फर्शपेक्षा हा निर्णय सोपा होता.

बुधवारी गणपती. मूर्ती याच गाडीतून आणायची असं ठरलंय.

२ ऑक्टोबर २०२५

दसरा. पहाटे झेंडूचं तोरण बॉनेटला, हळदकुंकू, चाकांखाली लिंबं. उस्तादांना घरी बोलावलं होतं, नारळ त्यांच्याच हातून वाढवला. नंतर सगळे मिळून राजवाड्यापर्यंत जाऊन आलो, पोहे-जलेबी खाल्ली. सकाळी गर्दी नसते, तिसऱ्या गिअरमध्ये छान सरकते.

गाडीजवळ एक वृद्ध गृहस्थ थांबले आणि बराच वेळ दाराच्या मुठीकडे बघत राहिले. त्यांच्या वडिलांनी बुकिंग करून अशाच गाडीसाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती म्हणे. त्यांना आत बसवलं. त्यांनी दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. आता पेट्या पक्क्या असल्यामुळे दार एका ठोक्यात लागतं.

१६ नोव्हेंबर २०२५

मांडूला जाऊन आलो. ही खरी परीक्षा होती.

राऊ, पिथमपूर, मग धारच्या रस्त्याने नालछा आणि वर मांडू. पिथमपुरात नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राच्या कुंपणाबाजूने गेलो. तिथला ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. आम्ही आमच्या साठच्या वेगाने पुढे गेलो. या गाडीला पंचावन्न ते पासष्ट हा वेग मानवतो. इंजिन ओढत नाही, वारा त्रिकोणी काचेतून बरोबर मानेवर येतो आणि गप्पा मारता येतात. ट्रक मागे लागले की डावीकडे घेऊन त्यांना जाऊ द्यायचं.

नालछ्याच्या पुढे चढ सुरू झाला तेव्हा तापमानाच्या काट्यावर माझी नजर खिळली होती. दुसऱ्या गिअरमध्ये चढलो, काटा मध्याच्या थोडा वर गेला आणि तिथेच थांबला. उघडलेलं रेडिएटर, भरलेलं हेड, सगळं त्या एका काट्यात वाचता येत होतं. वर गोरखचिंचेच्या बुंध्यापाशी बॉनेट उघडून पाहिलं : पाण्याची पातळी तीच, ऑइल स्वच्छ. उतरताना दुसराच गिअर ठेवला, ब्रेकवर भार टाकला नाही. ड्रम सारखे तापले की पेडल मऊ पडतं, ती वेळ येऊ दिली नाही.

परतीला पिथमपूरच्या अलीकडे अंधार पडला. दिवे स्वच्छ पांढरे. ह्यांना पाठीच्या दुखण्यामुळे लांबचा प्रवास सोसत नाही, पण सलग सीटवर तिरकं बसून ते आरामात आले, आणि घरी पोचल्यावर दोन रंगांचा विषय त्यांनी आपणहून मिटवला. "हाच बरा आहे." पेट्रोल लिटरला साधारण तेरा किलोमीटर पडलं.

१८ नोव्हेंबर २०२५

मांडूनंतरची तपासणी, उस्तादांकडे. चारही प्लगचं टोक पांढुरकं आलं, हवं होतं विटकरी. मिश्रण पातळ आहे, मेमधला अंदाज खरा ठरला. मेन जेट एक नंबर मोठं मागवलं, बदलून महिनाभर बघू. उजव्या मागच्या ड्रमच्या आत ओलसरपणा दिसला, व्हील सिलिंडरच्या कपातून किंचित पाझर. किट बदललं, त्याच चाकाची एअर काढली, पेडल तपासलं. गिअरच्या सांध्यांत खेळ शून्य. किंगपिनना ग्रीस मी दिलं. टॅपेट (झडपांची फट) थंड इंजिनावर तपासले, दुसऱ्या सिलिंडरचा एक सैल होता, जुळवला. हेडचे नट पुन्हा आवळून झाले.

जेट गुरुवारपर्यंत येईल. तोवर गाडी सकाळी मंडईला आणि संध्याकाळी ह्यांच्या फिजिओथेरपीला जातेच आहे.